बॅकअप सर्व्हरच्या डेटाबेसाचे विखंडन व त्याचा परिहार

बॅकअप सर्व्हरचा विचार निघाला की लक्ष साहजिकच टेपांच्या कपाटाकडे आणि डिस्कांच्या रांगांकडे जाते. प्रबंधांचे मसुदे, प्रयोगशाळेतील मोजमापे, कार्यालयीन पत्रव्यवहार, हिशेब इत्यादींच्या प्रती तेथे साठविलेल्या असतात, म्हणून तेथेच सर्व ठेवा आहे असे वाटते. परंतु कोणती प्रत कोणत्या टेपेवर, कितव्या स्थानी व कोणत्या तारखेची आहे, हे टेपेस स्वतःस ठाऊक नसते. ते ज्ञान सर्व्हरच्या डेटाबेसात असते. डेटाबेस नष्ट झाला, तर कपाटातील शाबूत टेपाही मुक्या होतात. म्हणून सर्व्हर कोसळल्यानंतर जे पहिले काम करावयाचे, ते कोणा प्राध्यापकाची फाइल परत देण्याचे नसून हा डेटाबेस पुन्हा उभा करण्याचे असते. आणि तो उभा राहीपर्यंत इतर सर्वांना थांबावे लागते.

या थांबण्याचा कालावधी डेटाबेसाच्या आकारावर अवलंबून आहे. आणि आकार म्हणजे नोंदींची संख्या नव्हे, ही गोष्ट येथे आरंभीच ध्यानात घेतली पाहिजे. डेटाबेसातील नोंदी ठराविक मापाच्या पानांत बसविलेल्या असतात. प्रत घेताना किंवा परत भरताना पान हे अखंड उचलले जाते. त्यात शंभर नोंदी असोत की दोन असोत, श्रम तेवढेच. दहा पानांत मावेल एवढा मजकूर शंभर पानांत पसरलेला असेल, तर संकटाच्या दिवशी आपण शंभर पानांचेच ओझे वाहणार. विखंडनाचा प्रश्न केवळ जागेच्या काटकसरीचा नाही, तो असा थेट पुनःस्थापनेच्या वेळेशी येऊन भिडतो.

विखंडन या एकाच शब्दाखाली दोन निराळे दोष मोडतात. पहिला दोष विरळपणाचा : पाने आहेत, पण अर्धीमुर्धी भरलेली. दुसरा दोष क्रमभंगाचा : पाने भरलेली आहेत, पण एकत्र लागणाऱ्या नोंदी एकत्र नाहीत. या दोहोंची कारणे वेगळी, लक्षणे वेगळी आणि औषधेही वेगळी. व्यवहारात मात्र दोहोंची सरमिसळ होते, आणि एकाचे औषध दुसऱ्यावर दिले जाते.

विरळपणाचा विचार इंडेक्सपासून करणे सोयीचे. आज बहुतेक सर्व डेटाबेसांतील इंडेक्स ज्या बी-ट्री रचनेवर उभे आहेत, ती रूडॉल्फ बायर व एडवर्ड मॅक्रेट यांनी बोइंग कंपनीच्या संशोधनशाळेत असताना मांडली. त्यांचा निबंध १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. या वृक्षाच्या तळाशी जी पाने असतात, त्यांत किल्ल्या क्रमाने लावलेल्या असतात. (झाडाचे पान आणि पुस्तकाचे पान यांना मराठीत एकच शब्द असल्याने येथे आपले काम आयतेच सोपे झाले आहे.) पान भरले आणि त्यात आणखी एक किल्ली आली, की पान दुभंगते व अर्ध्या अर्ध्या किल्ल्या दोन पानांत वाटल्या जातात. किल्ल्या कोणत्याही क्रमाने यदृच्छया येत असतील, तर दीर्घकाळानंतर पाने सरासरी किती भरलेली राहतील? अँड्र्यू याओ यांनी १९७८ मध्ये याचे उत्तर दिले : २ च्या नैसर्गिक लॉगरिदमाइतकी, म्हणजे सुमारे ६९ टक्के. हा आकडा विद्यार्थ्यांनी अवश्य लक्षात ठेवावा. इंडेक्सचा जवळजवळ तिसरा हिस्सा रिकामा दिसला म्हणून घाबरून जाऊन त्याची पुनर्रचना करणे, हे निरोगी माणसास औषध देण्यासारखे आहे. पुनर्रचनेने पाने काठोकाठ भरली, तर पुढच्याच रात्रीच्या भरण्यात ती एकामागून एक दुभंगू लागतात, आणि काही आठवड्यांत इंडेक्स पुन्हा त्या ६९ टक्क्यांच्या आसपास येऊन स्थिरावतो. डीबी२ हा डेटाबेस इंडेक्स बांधताना प्रत्येक पानात १० टक्के जागा आपणहून मोकळी सोडतो, त्याचे कारण हेच.

मग बॅकअप सर्व्हरच्या डेटाबेसाचे वेगळेपण कशात आहे? येथे एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. आय. बी. एम. ची जी प्रणाली १९९३ मध्ये ए. डी. एस. एम. या नावाने आली, १९९९ पासून टिव्होली स्टोरेज मॅनेजर व २०१५ पासून स्पेक्ट्रम प्रोटेक्ट या नावाने ओळखली जाऊ लागली, तिची पद्धत अशी की प्रत्येक संगणकाची पूर्ण प्रत एकदाच घ्यावयाची आणि त्यानंतर दररोज फक्त बदललेल्या फाइलींची. फाइल बदलली की नवी नोंद येते. जुनी नोंद मागे पडते आणि धोरणातील मुदत संपली की काढली जाते. प्रणालीसोबत येणारे मूळ धोरण अस्तित्वात असलेल्या फाइलीच्या २ आवृत्त्या ठेवते, जादा आवृत्ती ३० दिवस सांभाळते आणि मूळ संगणकावरून पुसलेल्या फाइलीची अखेरची आवृत्ती ६० दिवस. परंतु जी फाइल पुन्हा कधी बदललीच नाही, तिची नोंद मुदतीच्या कक्षेतच येत नाही. ती राहते, वर्षानुवर्षे राहते.

एखाद्या रात्री आलेल्या नोंदींचे पुढे काय होते ते पाहा. त्यांतील बहुतेक फाइली पुढे बदलतात किंवा पुसल्या जातात, आणि त्यांच्या नोंदी यथाकाल गळून पडतात. थोड्या मात्र अशा निघतात, की ती रात्र हीच त्यांच्या आयुष्यातील शेवटच्या बदलाची रात्र ठरते. सुगीनंतर कापलेल्या शेतात मधूनमधून ताटे उभी राहावीत, तशा त्या नोंदी जुन्या पानांत उभ्या राहतात. आता इंडेक्स जर चढत्या अनुक्रमांकावर असेल, तर सर्व नव्या किल्ल्या उजव्या टोकाशीच येणार. डावीकडील जुन्या, विरळ झालेल्या पानांत नवी किल्ली कधीही येणार नाही. ती जागा वाया गेली, असेच समजावयाचे.

थोडे गणित केल्यास या दोषाचे स्वरूप स्पष्ट होते. एका पानात १०० नोंदी मावतात असे धरू, आणि प्रत्येक नोंद टिकण्याचा संभव २ टक्के धरू. पान पूर्ण रिकामे होण्याचा संभव ०.९८ चा शंभरावा घात, म्हणजे सुमारे ०.१३. अर्थात शंभर पानांपैकी सुमारे ८७ पाने कोणत्या तरी एकदोन नोंदींसाठी अडून राहतात; वास्तविक उरलेल्या दोनशे नोंदींना दोनच पाने पुरली असती! टिकण्याचा संभव १ टक्का धरला, तरी ६३ पाने अडून राहतात. इंडेक्सची किल्ली आखूड असते, तेव्हा एका पानात पाचशे किल्ल्याही मावतात. मग २ टक्के टिकाव धरल्यास पूर्ण रिकामे होणारे पान लाखात सुमारे चार इतके दुर्मिळ होते. ९८ टक्के नोंदी काढल्या, तरी इंडेक्सचा आकार होता तेवढाच राहिला, ही तक्रार जे व्यवस्थापक करतात, त्यांना हे गणित दाखवावे.

या गणितात प्रत्येक नोंदीचे टिकणे इतरांपासून स्वतंत्र मानले आहे, आणि ते पूर्णपणे खरे नाही. एकाच फोल्डरमधील फाइली बहुधा एकत्र येतात व एकत्र जातात. तात्पुरत्या फाइलींचे थवेच्या थवे नाहीसे होतात. त्यामुळे प्रत्यक्षात रिकामी पाने या हिशेबापेक्षा पुष्कळ अधिक निघतील. शिवाय संगणकाची पहिली पूर्ण प्रत ज्या पानांत नोंदली गेली, ती पाने दाटच राहतात, कारण कार्यप्रणालीच्या व जुन्या दस्तऐवजांच्या फाइली क्वचितच बदलतात. तेव्हा हे गणित दिशा दाखविणारे आहे. मोजणीची जागा ते घेऊ शकत नाही.

येथे एक शंका संभवते. थिओडोर जॉन्सन व डेनिस शाशा यांनी १९८९ मध्ये असे दाखविले, की पान अर्धे रिकामे होताच शेजाऱ्यात मिसळण्यापेक्षा ते पूर्ण रिकामे झाल्यावरच सोडून देणे बहुतेक परिस्थितीत श्रेयस्कर होय. पोस्टग्रेस्क्यूएल हा डेटाबेस इंडेक्सचे पान पूर्ण रिकामे झाल्याखेरीज काढून टाकीत नाही, तो याच विचाराने. मग आपला इंडेक्स का बिघडावा? उत्तर असे, की त्या सिद्धान्ताच्या मुळाशी येणाऱ्या व जाणाऱ्या किल्ल्या सर्व वृक्षभर सारख्या पसरलेल्या आहेत असे गृहीत धरलेले आहे. चढत्या अनुक्रमांकाच्या इंडेक्सात येणे एका टोकास व जाणे सर्वत्र, अशी स्थिती असते. गृहीतच लागू पडत नाही. उलट त्याच टेबलावरील दुसरा इंडेक्स, जो संगणकाचे नाव व फाइलीचे नाव यांच्या क्रमाने लावलेला असतो, त्यात एखाद्या फाइलीची नवी आवृत्ती जुन्या आवृत्तीच्या शेजारीच येऊन बसते आणि गेलेलीची जागा आलेलीस मिळते. तो आपले आरोग्य आपणच राखतो. एकाच टेबलावरील दोन इंडेक्सांपैकी एक आजारी व एक निरोगी असू शकतो, हे ज्यांनी पाहिले नाही ते सरसकट सर्वांची पुनर्रचना करतात.

मुक्त स्वरूपात उपलब्ध असलेल्या बाकुला या बॅकअप प्रणालीशी तुलना करणे उद्बोधक ठरेल. तेथे नोंदी काढल्या जातात त्या एकेका कामाच्या हिशेबाने : त्या रात्रीच्या कामाची मुदत संपली की त्या कामातील फाइलींच्या सर्व नोंदी एकदम जातात. त्या आलेल्याही बहुधा एकत्रच असतात, म्हणून पानेच्या पाने मोकळी होतात. ज्या पद्धतीत पूर्ण प्रत एकदाच घ्यावयाची असते, तिच्या वाट्याला ही सोय येत नाही. टेपा व नेटवर्क यांवर तिने जी बचत केली, तिची काही किंमत डेटाबेसाने मोजली, असे म्हणावयास हरकत नाही. गंमत अशी, की टेपांच्या बाबतीत या प्रणालीस हा दोष उत्तम ठाऊक आहे. टेपेवरील रिकामा भाग ठरावीक टक्क्यांच्या वर गेला की उरलेल्या फाइली दुसऱ्या टेपेवर हलवून ती टेप मोकळी करण्याची व्यवस्था तिच्यात पहिल्यापासून आहे.

आता क्रमभंगाकडे वळू. टेबलातील, म्हणजे इंडेक्स सोडून मूळ नोंदींच्या पानांतील, रिकाम्या फटी डीबी२ वाया जाऊ देत नाही; नवी नोंद तो सापडेल त्या फटीत बसवितो. जागा वाचते, परंतु एका संगणकाच्या एका रात्रीच्या नोंदी अनेक वर्षांच्या पानांत विखुरल्या जातात. याचा परिणाम पुनःस्थापनेच्या वेळी दिसतो. समजा, एका संगणकाच्या १० लाख फाइली परत द्यावयाच्या आहेत. नोंदी क्रमाने असतील, तर १०,००० पाने वाचावी लागतील. १६ किलोबाइटचे पान धरल्यास सुमारे १६० मेगाबाइट, म्हणजे सलग वाचणाऱ्या डिस्कचे दोन सेकंदांचे काम. नोंदी पूर्ण विखुरलेल्या असतील, तर १० लाख वेळा वेगवेगळे पान शोधावे लागेल. मिनिटास ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला अर्ध्या फेऱ्यासच ४.१७ मिलिसेकंद लागतात. त्यात शीर्ष हलविण्याचा वेळ मिळविला, तर सेकंदास शंभर पाने हा उदार अंदाज होय. त्या हिशेबाने १०,००० सेकंद, म्हणजे पावणेतीन तासांहून थोडे अधिक, केवळ कोणती फाइल कोठे आहे हे कळण्यासाठी.

सेकंदास ५०,००० पाने वाचणाऱ्या एसएसडीवर हेच काम २० सेकंदांचे होते. म्हणून आजच्या काळात क्रमभंगावर सर्वांत सोपे औषध म्हणजे डेटाबेस एसएसडीवर ठेवणे हे आहे, आणि ज्यांनी ते केले त्यांनी क्रमाची फारशी चिंता करू नये. विरळपणावर मात्र त्याचा काही उपयोग नाही. एसएसडीवरील रिकामी पानेही जागा अडवितातच, आणि प्रतीत तशीच जातात.

मोजणी कशी करावयाची? डीबी२ मध्ये रिऑर्गचेक ही आज्ञा आठ सूत्रांनी तपासणी करते व जेथे मर्यादा ओलांडली असेल तेथे तारका छापते. स्थानभ्रष्ट नोंदी ५ टक्क्यांहून कमी असाव्यात, जागेचा वापर ७० टक्क्यांहून अधिक असावा, इंडेक्सशी टेबलाचा क्रम ८० टक्क्यांहून अधिक जुळावा, खोडल्याची खूण करून तशाच ठेवलेल्या किल्ल्या २० टक्क्यांहून कमी असाव्यात, अशी ती सूत्रे आहेत. यांतील क्रमाचे सूत्र नवशिक्यांस नेहमी चकविते. टेबल एकाच क्रमाने लावता येते. त्यावर चार इंडेक्स असतील, तर फार तर एकाशी त्याचा क्रम जुळेल व इतर तिघांसमोर तारका येतच राहणार. त्या पुसून टाकण्यासाठी कितीही वेळा पुनर्रचना केली, तरी तारका केवळ एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर जाईल. खोडलेल्या किल्ल्यांचे सूत्र आमच्या मते येथे अधिक मोलाचे, कारण मुदतबाह्य नोंदी काढण्याचे काम झाल्यानंतर त्यांची संख्याच एकदम वाढते.

उपायांचा इतिहासही थोडक्यात पाहू. टिव्होली स्टोरेज मॅनेजरच्या पाचव्या आवृत्तीपर्यंत या प्रणालीचा डेटाबेस तिचा स्वतःचा होता व त्याची कमाल मर्यादा ५३० गिगाबाइट होती. त्यातील विखंडन घालविण्याचा मार्ग एकच : सर्व्हर बंद करावयाचा, सर्व नोंदी बाहेर काढावयाच्या व नव्याने भरावयाच्या. मोठ्या डेटाबेसास हे काम फार वेळ घेई, आणि तेवढ्या वेळात कोणाचीही प्रत घेतली जात नसे, कोणासही प्रत परत मिळत नसे. २००९ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून डीबी२ वापरात आला आणि सर्व्हर चालू असताना पुनर्रचना करणे शक्य झाले. चालू व्यवहार न थांबविता मोठ्या टेबलांवर इंडेक्स कसे उभारावेत, यावर सी. मोहन व इंद्रपाल नारंग यांचा १९९२ चा निबंध पायाभूत आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी तो मुळातून वाचावा. पुनर्रचना केव्हा सुरू व्हावी, किती तास चालावी, कोणती टेबले वगळावी, हे सर्व आता सर्व्हरच्या पर्यायांत लिहून ठेवता येते.

चालू सर्व्हरवरील पुनर्रचना मात्र फुकट नसते. हलविलेल्या प्रत्येक नोंदीची लॉगमध्ये नोंद होते. हे लॉग डेटाबेसाची पुढील पूर्ण प्रत घेतली जाईपर्यंत साठवून ठेवावे लागतात. आमच्या पाहण्यातील एका संस्थेत शुक्रवारी सायंकाळी सर्वांत मोठ्या टेबलाची पुनर्रचना सुरू करून संबंधित मंडळी घरी गेली. शनिवारी साठवलेल्या लॉगची डिस्क भरली; जुने लॉग हलविण्यास जागा न उरल्याने चालू लॉगही भरला, आणि सर्व्हर थांबला. सोमवारी सकाळी, दोन रात्रींच्या प्रती नाहीत असे आढळले. त्या दोन दिवसांत कोणाची डिस्क बिघडली नाही, एवढाच दैवाचा उपकार. पुनर्रचनेपूर्वी डेटाबेसाची पूर्ण प्रत घ्यावी, लॉगसाठी मुबलक जागा राखावी, काम आठवड्याच्या मध्यावर, मुदतबाह्य नोंदी काढून झाल्यावर सुरू करावे व मोठे टेबल चालू असताना जवळ कोणी तरी असावे, हे सर्व नियम अशाच प्रसंगांतून शिकले जातात. काम संपल्यावर टेबलाची सांख्यिकी नव्याने गोळा करण्यास विसरू नये. नाहीतर डेटाबेस जुन्या आकड्यांवर विसंबून चुकीची वाट धरतो, आणि पुनर्रचनेमुळेच काम मंदावले असा बोभाटा होतो.

पुनर्रचनेने मोकळी झालेली पाने डेटाबेसाच्या आत मोकळी होतात. डिस्कला ती परत मिळतातच असे नाही. टेबलांच्या समूहास दिलेल्या जागेच्या अगदी शेवटच्या टोकास एक जरी पान वापरात असले, तरी तेथपर्यंतची सारी जागा अडते. डीबी२ च्या ९.७ या आवृत्तीपासून अशी टोकाची पाने आत सरकवून जागा परत देण्याची सोय आली. परंतु ती त्या आवृत्तीत किंवा नंतर निर्माण झालेल्या जागांनाच लागू आहे. ज्या संस्थांचा डेटाबेस सहाव्या आवृत्तीच्या पहिल्याच काळात ९.५ वर जन्मला, त्यांना पुढे कितीही नवी आवृत्ती चढविली तरी हा लाभ मिळत नाही. सर्व टेबले नव्या जागेत हलविणे हाच त्यांना मार्ग. असा निर्णय घेण्यापूर्वी आपला डेटाबेस केव्हा जन्मला हे पाहणे अगत्याचे आहे.

राहता राहिला प्रतिबंधाचा प्रश्न. ज्या फाइली परत मागण्याचा कोणाचाही विचार नाही, त्यांच्या नोंदी डेटाबेसात येऊच न देणे हे सर्वांत श्रेयस्कर. ब्राउझरच्या तात्पुरत्या फाइली, प्रोग्राम बांधताना निर्माण होणारे तुकडे, एखाद्या प्रयोगात उपकरणाने दर सेकंदास लिहिलेली लक्षावधी चिमुकली फाइल, यांची एकेक नोंद तेवढीच जागा घेते जेवढी एखाद्या प्रबंधाची. उपकरणाच्या फाइली दिवसाअखेर एकत्र बांधून ठेवल्या, तर लाख नोंदींची एक नोंद होते. आमच्या विद्यार्थ्यांना ही एक सवय लागली, तरी पुनर्रचनेचे निम्मे प्रसंग टळतील असे प्रस्तुत लेखकास वाटते, जरी ही गोष्ट त्यांस वर्गात सांगून पटलेली अद्याप पाहिलेली नाही.

आणि मोजणीत इंडेक्स निरोगी निघाला, डेटाबेसाची प्रत ठरलेल्या वेळात होते व चाचणीदाखल केलेली पुनःस्थापनाही होते, तर काहीच करू नये. चाचणीची पुनःस्थापना वेगळ्या यंत्रावर करावी, तिला लागलेला वेळ तारखेसह वहीत लिहावा, आणि पुढील सत्रात तोच आकडा पुन्हा घ्यावा. त्या दोन आकड्यांतील अंतर नोंदींच्या वाढीपेक्षा अधिक वेगाने वाढताना दिसले, तरच पुनर्रचनेचा दिवस ठरवावयास बसावे.